‘ब्लड कॅन्सरचं गाव’ : बालरक्तकर्करोगाच्या एका संशोधिकेपुढे आलेलं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेजारशेजारच्या दोन गावांत तीन वर्षांच्या आत तीन मुलांना ‘ब्लड कॅन्सर’ झाला. त्यातली दोन दगावली. ग्रामसभेत ठराव झाला, एका बातमीदारानं गावाला नवं नाव देऊन टाकलं, आणि त्याच तालुक्यात वाढलेल्या, याच आजारावर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंना सरपंचांचा फोन गेला. समूह आरोग्याच्या वर्गात मी हे प्रकरण शिकवतो. गावं, कुटुंबं आणि त्या संशोधिका यांची ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत.

ती तिथवर कशी पोचली

घरची पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटीत तुरीचे तास. तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी., अमरावती विद्यापीठात एम.एस्सी., मग नेट. २०११ साली जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांच्या संशोधन शिष्यवृत्तीची, रक्कम महिना १६ हजार होती (आज ३७ हजार आहे). त्यातून थोडे घरी जायचे. शेजारी वडिलांना विचारत, “पोरगी नोकरीले लागली, का अजून शिकूनच रायली?” वडिलांना याचं उत्तर कधी नीट देता आलं नाही. आपल्याकडे संशोधक पस्तिशीचा होईपर्यंत ते कुणालाच देता येत नाही, हा माझा अनुभव.

पीएच.डी. मुंबईत झाली, त्यानंतर तीन वर्षं युरोपात. २०२१ मध्ये रामलिंगस्वामी शिष्यवृत्तीवर ती परत आली. परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ही पाच वर्षांची योजना. पाच वर्षं पगार आणि प्रयोगाला पैसा मिळतो. कायम जागेची हमी नसते. त्या काळात शोधनिबंध यावेत आणि कुठल्या तरी संस्थेनं आपल्याला ठेवून घ्यावं, हा सगळा हिशेब. प्रकरण घडलं तेव्हा तिचं तिसरं वर्ष चालू होतं.

तिचा विषय समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलीत एएलएल. दोन ते पाच या वयात तो जास्त दिसतो. ब्रिटिश संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांनी १९८८ मध्ये मांडलं की या आजाराला किमान दोन घाव लागतात : पहिला बहुधा गर्भातच, दुसरा जन्मानंतर, आणि त्या दुसऱ्यामागे नेहमीच्याच एखाद्या संसर्गाला शरीरानं दिलेला बेताल प्रतिसाद असू शकतो. पहिल्या घावाचा पुरावा १९९० च्या दशकाच्या अखेरीस मिळाला, आणि तोही गमतीशीर जागी. युरोपात नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते कागदी कार्डावर वाळवून ठेवतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांची ती जुनी कार्डं काढून तपासली, तर काहींच्या रक्तात रोगपेशींमधला जनुकांचा चुकीचा जोड जन्माच्या वेळीच हजर होता. त्यातला ‘ईटीव्ही६-रनएक्स१’ हा जोड हे तिच्या कामाचं केंद्र. तो घेऊन जन्मणाऱ्या बहुतेक बाळांना आयुष्यात कधीच ल्युकेमिया होत नाही. असं का, हा तिचा प्रश्न. पेट्री डिश आणि पेशी यांच्या जगातला. गावाचा तिच्या कामाशी संबंध दिवाळीच्या सुट्टीपुरता.

फोन

२०२३ ची दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. सरपंच म्हणाले, “ताई, लोकं लय भेऊन रायले. कोनी म्हन्ते फवारनीनं झालं, कोनी म्हन्ते बोरच्या पान्यानं. तुमी याच्यातल्याच हा. एकडाव येऊन सांगून द्या.”

ठरावात तीन मागण्या होत्या : बोअरच्या पाण्याची तपासणी, गावातलं कृषी केंद्र (बियाणं-कीटकनाशकांचं दुकान) बंद करणं, आणि ‘तज्ज्ञाचा दाखला’. तिसरी मागणी तिच्यासाठी होती.

फवारणीचा संशय हवेतून आला नव्हता. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. ज्या गावानं ते पाहिलं आहे, त्यानं पोरांच्या आजाराचं बोट फवाऱ्याकडे दाखवलं तर त्याला अडाणी म्हणणारा माणूस मला अडाणी वाटतो.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं काम, त्यांना कळवा, असं सांगून मोकळं होणं. दुसरी, स्वतःच अभ्यास उभा करणं : आजारी मुलांचं आणि शेजारच्या निरोगी मुलांचं रक्त, पाणी, माती गोळा करून कारण शोधायला निघणं. प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठानं हीच वाट सुचवली. ग्रामीण भारत, कीटकनाशकं, बालल्युकेमिया, अनुदान पटकन मिळेल म्हणाला. तिसरी वाट तेव्हा तिलाही दिसत नव्हती.

आधी हिशेब

जाण्यापूर्वी तिनं कागदावर आकडे मांडले. ज्या देशांत नोंद चोख आहे, तिथे दर लाख मुलांमागे वर्षाला तीन-चार एएलएलचे रुग्ण सापडतात. दीड लाख लोकसंख्येच्या तालुक्यात पंधरा वर्षांखालची मुलं धरा चाळीस हजार. म्हणजे वर्षाला एखादं-दीड मूल, तीन वर्षांत तीन-चार. तालुका म्हणून पाहिलं तर काहीच वावगं नाही. पण ही दोन गावं मिळून वस्ती पाच हजारांची, त्यात मुलं तेराशेच्या आसपास. इथे वीस-बावीस वर्षांत एक रुग्ण अपेक्षित. तीन वर्षांत तीन म्हणजे अंगावर काटा यावा.

मग खरं कोणतं? दोन्ही. खळ्यावर ज्वारी उधळली की ती सारखी पसरत नाही. कुठे मोकळी जागा राहते, कुठे चार दाणे एकत्र पडतात. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. त्यात कुठेतरी, कधीतरी, निव्वळ योगायोगानं शेजारशेजारी तीन रुग्ण पडणारच, आणि जिथे पडतील तिथले लोक साहजिकच कारण विचारणार. दाणे पडल्यावर त्यांच्याभोवती रेघ ओढली, की ती रेघ नेहमीच भयंकर दिसते.

याचा अर्थ असे पुंजके कधीच खरे नसतात असा नाही. इंग्लंडात सेलाफिल्डच्या अणुकेंद्राजवळच्या सीस्केल गावात मुलांमध्ये ल्युकेमिया जास्त आहे, हे १९८३ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमानं पुढे आणलं. सरकारी चौकशी झाली. पुंजका खरा निघाला. १९९० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी वडिलांना कामावर मिळालेल्या किरणोत्सर्गाकडे बोट दाखवलं, पण नंतरच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. लिओ किनलेन यांनी वेगळंच सुचवलं : एकाकी भागात बाहेरून खूप लोक आले की नवे संसर्ग येतात, आणि त्यातून हे घडतं. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या फॅलनला १९९७ ते २००२ या काळात १६ मुलं आजारी पडली. तिथल्या केंद्रीय आरोग्य संस्थेनं कुटुंबांचं रक्त, लघवी, घरातली धूळ, पाणी सगळं तपासलं. टंगस्टन आणि अर्सेनिक जास्त सापडलं, पण ते आजारी मुलांच्या घरी जेवढं तेवढंच निरोगी मुलांच्या घरीही. कारण हाती लागलं नाही. तिथे पैसा, यंत्रं, माणसं कशाचीच कमतरता नव्हती. तीन मुलांच्या रक्तावरून कारण काढून दाखवतो म्हणणारा संशोधक एकतर भाबडा असतो किंवा त्याला अनुदान हवं असतं. दुसरी वाट तिनं इथेच सोडली. कारकिर्दीच्या दृष्टीनं हा महाग निर्णय होता.

पिशवीतले कागद

ती गेली, आणि कारणाला हातच लावला नाही. आधी निदान तपासलं. पुंजक्याच्या चौकशीतली ही पहिली पायरी, आणि हिच्यावरच सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. आईबापांच्या लेखी संमतीनं घरोघरच्या प्लास्टिकच्या पिशव्या उघडल्या गेल्या : डिस्चार्ज कार्डं, औषधाच्या चिठ्ठ्या, घडीवर फाटलेले रिपोर्ट, जनआरोग्य योजनेचे कागद.

पहिली मुलगी साडेचार वर्षांची. ताप, पाय दुखतात म्हणून चालायलाच तयार नाही. गावातल्या डॉक्टरनं विडाल पाहून टायफॉईड ठरवला, सलाईन लावलं, सोबत डेक्सामिथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. पोरगी खडखडीत उठली. पंधरा दिवसांनी पुन्हा ताप. आता सिकलची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी, ती निगेटिव्ह. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा बरी. अंगावर लाल ठिपके आले तेव्हा यवतमाळ, तिथून नागपूर. पहिल्या तापापासून हाडांतल्या मज्जेच्या (बोन मॅरोच्या) तपासणीपर्यंत नऊ आठवडे गेले. निदान बी-पेशींचा एएलएल (बी आणि टी हे पांढऱ्या पेशींचे प्रकार). उपचार चालू, मुलगी जिवंत. रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट.

दुसरा मुलगा अकरा वर्षांचा. मानेत गाठी, धाप लागणं. टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या. छातीत गाठ वाढत गेली. निदान टी-पेशींचा एएलएल. उपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्गानं गेला. टी-पेशींचा आजार पहिल्या मुलीच्या आजाराचा भाऊबंद खरा, पण त्याची जडणघडण, वय, जनुकांतले बदल, सगळं निराळं.

तिसरी मुलगी नऊ वर्षांची. गावात सगळे म्हणत ‘ब्लड कॅन्सर’, कारण वरचेवर रक्त चढवावं लागायचं आणि पोर वाचली नाही. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं : अप्लास्टिक अॅनिमिया. मज्जेत रोगपेशी नव्हत्या; मज्जा रिकामी झाली होती. हा कर्करोगच नव्हे.

म्हणजे तीनाचे दोन झाले, आणि दोनही एकसारखे नाहीत. पुंजका इथेच विरला असं म्हणता येतं, आणि बरेच चौकशी-अहवाल इथेच थांबतात. पण आशाताईंशी बोलताना चौथं नाव निघालं. गावाच्या हद्दीला लागून कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथला सहा-सात वर्षांचा एक मुलगा आदल्या पावसाळ्यात गेला. ‘सिकलनं मेला’ अशी नोंद सगळ्यांच्या डोक्यात पक्की. चिठ्ठीवर सिकलची साधी तपासणी पॉझिटिव्ह होती; पुढची, म्हणजे रोगी की नुसता वाहक हे सांगणारी, झालेलीच नव्हती. आजीनं सांगितलेली लक्षणं मात्र अशी : हिरड्यांतून रक्त, काखेत-जांघेत गाठी, हात लावला तरी हाडं दुखायची. वाहकाला असं होत नाही. रोगी असेल तर हाडं दुखतात, पण हिरड्या आणि गाठींचा उलगडा सिकलनं होत नाही. मज्जा कुणी तपासली नाही, त्यामुळे तो कशानं गेला हे आता कळणार नाही. तो ठरावात नव्हता, बातमीत नव्हता. गावाच्या यादीतल्या तिसरीला कर्करोग नव्हता, आणि ज्याला कदाचित होता तो यादीतच नव्हता. विदर्भात फिक्कट, हाडं दुखणारं पोर दिसलं की डॉक्टरच्या मनात आधी सिकल येतो, आणि दहापैकी बऱ्याच वेळा ते बरोबरही असतं. घात होतो तो उरलेल्या वेळी.

ग्रामसभा

मारुतीच्या पारावर सभा झाली. ती जे बोलली त्याचा गोषवारा तिनं नंतर एका पानावर लिहून दिला, ‘मी काय सांगू शकते’ आणि ‘काय सांगू शकत नाही’ अशा दोन भागांत. सांगू शकते ते असं : दोन मुलांना ल्युकेमिया होता, दोघांचा प्रकार वेगळा. लहान मुलांच्या ल्युकेमियात पहिला बिघाड बऱ्याचदा पोटात असतानाच होतो, म्हणून विचारायचं असेल तर आई गरोदर होती त्या वर्षांतल्या फवारणीबद्दल विचारलं पाहिजे, गेल्या हंगामात आलेल्या नव्या औषधाबद्दल नव्हे. आईबापांच्या कामावरच्या कीटकनाशकांच्या संपर्काशी या आजाराचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तेव्हा गरोदर बाईनं फवारणीच्या वावरात जाऊ नये, फवारणीची औषधं घरात ठेवू नयेत, हे आजच पाळावं. सांगू शकत नाही ते : या दोन लेकरांना कशानं झालं.

एक म्हातारे उठले. “बाई, एवढं शिकून बी तुले सांगता येत नाई, त मंग कोनाले येईन?”

ती म्हणाली, “बाबाजी, कोनालेच येत नाई. जो येते म्हनन, त्याले पैसे देऊ नका.”

लोक हसले नाहीत. काही उठून गेले. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्राचे मालक पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या वडिलांकडे आले; ‘आमच्या औषधानं काही झालं नाही’ एवढं ताईंनी लेटरहेडवर लिहून द्यावं. तिनं दिलं नाही. पुरावा नाही म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नव्हे, शिवाय अप्लास्टिक अॅनिमियात रसायनांचा प्रश्न उघडाच राहतो. एका आठवड्यात ती दोन्ही बाजूंना नकोशी झाली. माझ्या मते तिनं सगळ्यात चोख केलेलं काम तेच एक पान.

पाण्याच्या तपासणीत फ्लोराइड जास्त निघालं. या जिल्ह्याच्या बऱ्याच भागात ते निघतं. दात आणि हाडं त्यानं बिघडतात. ल्युकेमियाचं ते स्पष्टीकरण नाही. पण त्या निमित्तानं बोअर बदललं, आणि ठरावातली एक मागणी भलत्याच कारणानं पूर्ण झाली.

तिसरी वाट

परत गेल्यावर तिनं चारही मुलांच्या तारखा एका रेषेवर मांडल्या : पहिलं लक्षण, पहिला डॉक्टर, पहिलं इंजेक्शन, पहिला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मज्जेची तपासणी. कारणाबद्दल गप्प असलेले कागद इथे बोलके होते. डेक्सामिथासोन आणि प्रेडनिसोलोन ही एएलएलच्या उपचारातलीच औषधं आहेत. निदानाआधी ती तापावर दिली की रोगपेशी काही काळ मरतात, ताप उतरतो, पोर खेळायला लागतं, डॉक्टरचं नाव होतं. रक्ताची, मज्जेचीही तपासणी फसू शकते. मग आजार उलटतो, आणि खरं निदान होतं तेव्हा असं मूल किती जोखमीचं हे ठरवणं अवघड होऊन त्याला बऱ्याचदा जास्त कडक उपचार द्यावे लागतात.

हा आजार बरा होतो, म्हणून हे मनाला जास्त लागतं. १९४७-४८ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन वापरलं तेव्हा १६ पैकी १० मुलं काही महिन्यांपुरती सुधारली आणि तेच आश्चर्य होतं. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमचे. आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुलं वाचतात. आपल्याकडे मुंबईत डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती आपल्या परिस्थितीत बसवून दाखवली, आणि जगण्याचं प्रमाण झपाट्यानं वाढलं. औषधं जुनी आणि बरीचशी स्वस्त आहेत. मूल तिथवर पोचायला हवं.

तिनं तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी आणि आशांसाठी अर्ध्या पानाची सूचना केली : दोन आठवड्यांवर ताप किंवा हाडदुखी, सोबत फिक्कटपणा, रक्ताचे ठिपके, गाठी किंवा पोटात वाढलेली प्लीहा, तर स्टेरॉइड देण्याआधी सीबीसी करा आणि काचेवरचा रक्ताचा थर पॅथॉलॉजिस्टनं स्वतः डोळ्यांनी पाहावा, नुसत्या मशीनच्या आकड्यांवर थांबू नका. सिकल पॉझिटिव्ह आलं तरी थांबू नका.

इथे माझा तिच्याशी एक मतभेद आहे. तिनं हे सगळं एकटीनं केलं. जिल्हा आरोग्य यंत्रणेला पहिल्याच दिवशी सोबत घेतलं असतं तर ती सूचना परिपत्रक होऊन सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लागली असती. ती म्हणते, तसं केलं असतं तर सभेलाच परवानगी मिळाली नसती. वर्गात यावर दरवर्षी दोन तट पडतात.

कारकिर्दीचं काय झालं

शिष्यवृत्तीच्या मधल्या आढाव्यात एका परीक्षकानं विचारलं की या गावाच्या कामाचा मूळ प्रकल्पाशी काय संबंध. तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते पुढे सिकलमधूनच आलं. जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं होतं. विदर्भात नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन सिकल तपासण्याचं काम त्याआधीही नागपुरात झालेलं होतं. म्हणजे युरोपात ज्या वाळलेल्या थेंबांनी पहिल्या घावाचा पुरावा दिला, तसे थेंब इथे दुसऱ्याच कारणासाठी घेतले जातात. तपासणीनंतर उरणाऱ्या रक्तात ‘ईटीव्ही६-रनएक्स१’ किती बाळांत आहे हे शोधता येईल. भारतात टी-पेशींच्या आजाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आणि हा जोड कमी दिसत आला आहे. ते जन्मापासूनच तसं आहे, की अशी मुलं निदानापर्यंत पोचतच नाहीत? पोडावरच्या मुलाचा प्रश्न असा तिच्या प्रयोगशाळेत आला.

नैतिकता समितीनं प्रस्ताव एकदा परत पाठवला. जोड सापडला तर आईला सांगणार का? सांगितलं तर जिला बहुधा कधीच काही होणार नाही अशा मुलीची आई पंधरा वर्षं प्रत्येक तापाला घाबरेल. आणि आईला सांगायचंच नसेल तर तिच्याकडे संमती कशाची मागायची? तिनं आता कार्डांवरची ओळख पूर्ण काढून टाकण्याचं आणि प्रसूतीपूर्वीच, मराठीत आणि कोलामीत, समजावून संमती घेण्याचं लिहून दिलं आहे. प्रस्ताव दुसऱ्यांदा समितीपुढे आहे.

शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू आहे. मुंबईतल्या एका संस्थेत जागा निघाली होती. तिनं अर्ज नागपूरला केला. कारण विचारलं तर ती भावनेचं काही बोलत नाही. मज्जेचा नमुना ताजा असताना, शक्यतो एका दिवसात, फ्लो सायटोमीटर या पेशी ओळखणाऱ्या यंत्रावर चढावा लागतो. यवतमाळहून सकाळी निघालेली नळी संध्याकाळच्या आत नागपूरला पोचते.